फुलाची पाठ

वडाळ्याला पंपहाउसच्या जाळीवर
दोन वेली एकमेकींत शिरल्यात.
पालिकेचा मोकल कोयता टेकवून म्हणतो,
‘गारवेल. दोन कुठल्या, एकच हाय.’
सकाळचे साडेसहा. फुलं सगळी निळी.
तसं त्याचंही काही चुकत नाही.

दहापर्यंत थांबलो तर जांभळी पडतील,
दुपारी गुलाबी होऊन मिटतील,
भिजलेल्या पतंगाच्या कागदासारखी.
रंगावर जाऊ नये.
हे मला ब्रागांझाबाईंनी सांगितलं, ब्याऐंशी साली,
कॉलेजच्या मागच्या खोलीत,
जिथला डांबरगोळ्यांचा वास
माझ्या डब्यातल्या पोळीलाही लागायचा.
मी तिथं फुलं चिकटवायला होते.
डिंक, सुईदोरा, जाड कागद,
पगार तीनशे दहा.

‘रंग काय, रंग उडता गो.
आणि पानाचं तर ऐकूच नको.’
खरंच, एकाच वेलीवर
एक पान पत्त्यातल्या बदामासारखं,
पुढचं तीन बोटांचं.
‘फूल उलटं कर. पाठ बघ.
ज्यानं धरलंय त्याला बघ.’

म्हणून आता गुडघे कुरकुरत असतानाही
मी वाकते, एक फूल उलटं करते.
पाच हिरवी दलं. बुडाशी राठ, उभे केस,
टोकं लांब, बारीक, बाहेर वळलेली,
भांडायला निघाल्यासारखी.
ही नीलपुष्पी. हिचाच काळा दाणा
वैदूच्या पुडीत असतो, पोट साफ करायला.

दुसरीची दलं रुंद. केस असून नसल्यासारखे,
चापून बसवलेले,
मुलगी बघायला निघालेल्या मुलाच्या भांगासारखे.
ही बियांच्या भानगडीत फारशी पडत नाही,
पेर टेकेल तिथं मूळ सोडते.
कुठल्याशा बंगल्याच्या कुंपणावरून उतरली असणार.
हिला माझ्या मराठीत नाव नाही.

‘मंग कापू कुठली?’ मोकल विचारतो.

गेल्या महिन्यात कॉलेजनं बोलावलं होतं.
कपाटं उघडून एकेका कागदाचा फोटो काढतायत,
जुनं कुणी हवं होतं अक्षरं लावायला.
त्यात एक कागद आला: शिवडी, सप्टेंबर चौऱ्याऐंशी.
बाईंचं तिरकं अक्षर, नीलपुष्पीचं लॅटिन नाव.
फूल चहाच्या डागाएवढं तपकिरी.
सवयीनं भिंग घेतलं, पाठ बघितली.
केस चापून बसलेले.

बाई चुकल्या होत्या.
किंवा मी.
दोन्ही वेली एकाच वर्तमानपत्रात दाबून यायच्या,
आणि श्रावणानंतरच्या त्या उकाड्यात
मला पाच दहाची बस गाठायची असायची.
कोण चुकलं ते कागद सांगत नाही.
बाईंना विचारायला माहीमच्या दफनभूमीत जावं लागेल,
आणि तिथंही त्या म्हणतील, आधी पाठ बघ.

कपाटाचा एक नियम आहे:
जुनं नाव खोडायचं नाही, फाडायचं नाही.
शेजारी नवी चिठ्ठी लावायची,
तारीख घालायची, खाली आपलं नाव.
तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या लावल्या.
त्या हजारो कागदांवर माझं काही असलंच
तर डिंकातला अंगठा.
मी लिहिलं. दोनदा स्पेलिंग तपासलं.
मग खाली, जरा मोठंच आलं,
इंदुमती घाग.
डिंक वाळेपर्यंत बोटानं दाबून धरलं,
बाईंच्या चिठ्ठीला धक्का लागू न देता.

‘बाई, मुकादम येईल आता.’
‘येऊ दे.’
मोकल बिडी कानामागं खोचतो.
कोयत्याच्या टोकानं एक फूल अलगद उलटं करतो,
जवळ जातो, डोळे बारीक करतो.
‘हिला केस हायत,’ म्हणतो.
आणि कोयता खाली ठेवून
हातानं
दुसरं.