भोवरा

आचऱ्याच्या खाडीकाठी दत्ताराम पराडकरांनी
निळ्या पिंपात पाणी फिरवलं.
तळाला तांब्याची नळी, जुन्या लुनाचा डायनामो,
वर बल्ब. पेटला.

"एकदा फिराक लागला की थांबणा नाय.
पाणीच पाण्याक ओढता."

मी मीटर वाचणारा.
पिंपामागची वायर
गोठ्यातल्या पंपापर्यंत गेलेली मला दिसली.
त्यांनाही दिसत असणार.
"तो नुसतो सुरवातीक," म्हणाले.
सुरुवातीला अकरा महिने झाले होते.

आकडा लिहून घेतला.
वहिनींनी बिल न बघताच
तांदळाच्या डब्यात खुपसलं,
आधीच्या बिलांवर.

निघालो तेव्हा ओहोटी लागलेली.
खाडीच्या तोंडाशी पाणी गरगरत होतं,
कुणाचा दिवा लावायचं
मनात नसल्यासारखं.
सायकल टेकवून
मीही बघत राहिलो,
पंप कुठे दिसतो का.