दीड तास

खोली नंबर दोनशे चौदा, मुसफ्फा.
आठ माणसं; ईदपर्यंत नऊ होती.
वर्गणी काढून घेतलेला एक कॉम्प्युटर
चपलांच्या रॅकवर.
चालू केला की आधी खाकरायचा,
मग निळा पडायचा आणि हलायचा नाही.
साइटवर मी केबल ओढतो,
म्हणून खोलीच्या हिशेबात मीच इंजिनिअर.

शुक्रवारी परकार नमाजाहून आला, भात उतरला,
तेव्हा म्हटलं, फॉरमॅट मारावा लागेल.
सगळं जाईल.
"सगळं म्हणजे?" सिरिल डाबरेनं विचारलं.
सगळं म्हणजे सगळं.
एक पेन ड्राइव्ह आहे, सोळाचा.
वाटून घ्या.

परकारनं खेडच्या घराचा नकाशा ठेवला,
चौथा, जिना बाहेरून काढलेला.
आधीचे तीन जाऊ देत म्हणाला,
तेवढे पैसे कधी नव्हतेच.

डाबरेनं पोरीच्या कम्युनियनचे चाळीस फोटो
एकेक उघडून पाहिले,
एकोणचाळीस ठेवले.
कुठला गाळला ते कुणी विचारलं नाही.

मन्सूरची नोआखालीची नाटकं, तीन जीबी,
त्यावरून आवाज चढले.
बिजूनं स्वतःची जागा त्याला देऊन टाकली,
"माझं सगळं इथे," म्हणत कपाळावर बोट ठेवलं,
आणि बेसिनपाशी मला एकट्याला गाठून विचारलं,
पुसलेलं परत येतं का रे कधी?

गोताडचा फोल्डर उघडला तर रिकामा.
नाव मात्र दिलेलं: महत्त्वाचे.
"राहू दे," म्हणाला. राहू दिला.
त्याला जागा लागत नाही.

मग धोंडू शिगवणचा.
सुट्टीवर आबलोलीला गेला आणि तिकडेच
व्हिसा रद्द झाल्याचं कळलं त्याला.
गादी दुसऱ्या खोलीत गेली, बादली मी वापरतो.
फोल्डरमध्ये पगाराच्या स्लिपा
आणि एका म्हशीचे सहा फोटो, तारखांसकट.
नसलेल्या माणसाचा वाटा काढायचा का?
डाबरे म्हणाला, वर्गणी त्यानं भरली होती.
तिथे विषय संपला.

सीडी घातली. पार्टिशन निवडलं.
खात्री आहे का, त्यानं विचारलं.
मी एंटर दाबलं.
नारळ फुटल्याएवढाही आवाज झाला नाही.

एकोणीस टक्के. वीस.
दुधावर लक्ष ठेवावं तसे
बनियनवर आठ जण उभे.
एकसष्टला तो बराच वेळ अडला,
तेव्हा परकार पुटपुटत काहीतरी म्हणायला लागला.

मग त्यानं विचारलं, तुम्ही कुठे आहात?
परमिट नाही मागितलं, अंगठा नाही,
नुसती एक यादी, वरखाली करायची.
मी अबू धाबी केलं.
तो हो म्हणाला.
एवढ्या सहज हो म्हणणारं
इथे मला पहिल्यांदाच कोणी भेटलं.

सकाळी घात झाला.

शिगवणनं जाण्याआधी, म्हणजे वर्षांपूर्वीच,
त्यातलं घड्याळ गावच्या वेळेवर लावलं होतं,
घरची जेवली का ते बघायला.
बूट चढवताना कोपऱ्यात बघायचं
आणि दीड तास वजा करायचा,
हे आम्हाला इतकं सवयीचं की
कुणाला ते कुणाचं घड्याळ हेही आठवत नव्हतं.
पडद्यावर चार चाळीस.
म्हणजे तीन दहा.
सगळे परत आडवे.
पाच वाजता बस गेली,
साडेपाचला फोरमनचा फोन, शिवीपासून सुरू.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला,
सगळ्यांचा, माझ्यासकट,
आणि संध्याकाळपर्यंत माझी इंजिनिअरकी उतरली होती.

कुणी बोलत नव्हतं. कांदा चिरला जात होता.
गोताडच म्हणाला, जो सहसा बोलत नाही:
"लाव परत त्याचं घड्याळ."

यादी उघडली. खाली गेलो. मुंबई सापडली.
कोपऱ्यातले आकडे उडी मारून
नऊ दहावर जाऊन बसले.

"शिगवण जेवला असेल आता," परकार म्हणाला.

वजाबाकी कुणी केली नाही.