बाराव्या महिन्याचं भाडं

टपाल खात्यातून सुटले तेव्हा हातात आलेल्या पैशांत
उलव्याला एक बेडरूमचा फ्लॅट घेतला,
चौथा मजला, पूर्वेला तोंड.
शेहेचाळीस लाख.
त्यातले एकोणीस मधूच्या विम्याचे,
हे मी कुणाला सांगत नाही. वहीतही नाही.

भोपी म्हणाला होता, विमान उडू द्या ताई,
मग बघा.
विमान उडालं.
मी बघतेय.

ऐरोलीच्या घरी, ओट्याला टेकून,
डाळ शिजेस्तोवर लाइटबिलाच्या पाठीवर मांडते
मागच्या वर्षीचा हिशेब:
साडेअकरा हजार गुणिले अकरा,
कारण बारावा महिना कुणीतरी खातंच,
कधी रंगारी, कधी नुसतं कुलूप.
मेंटेनन्स वजा.
मी तिथे राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो दंड वजा.
दंड म्हटलेलं सेक्रेटरींना चालत नाही, शुल्क म्हणायचं.
घरपट्टी वजा, भोपीचा एक महिना वजा,
रंगाचे अठरा हजार.
उरले चौसष्ट हजार चारशे ऐंशी.
शेहेचाळीस लाखांवर दीड टक्कासुद्धा नाही.
ज्या काउंटरला बसून एकतीस वर्षं
लोकांना मुदतठेवीचे फॉर्म भरून दिले,
तिथेच ठेवले असते तर पाचपट.
लोकांना मी चांगला सल्ला दिला.

वन्सं म्हणतात, विकून मोकळी हो.
म्हणून कपाटातून फाइल काढली,
सिडकोचे ट्रान्सफरचे पैसे किती ते बघायला,
आणि चष्मा लावून पहिल्यांदाच नीट वाचलं:
जमीन माझी नाही.
साठ वर्षांच्या लीजवर,
त्यातली काही तर बिल्डिंगचा खड्डा खणण्याआधीच सरलेली.
म्हणजे मीसुद्धा करारावर.
माझे महिने तेवढे जास्त.

गावीतबाईंचा करार अठ्ठावीसला संपतो.
पुष्पलता गावीत, नवापूरची,
नेरुळच्या हॉस्पिटलात रात्रपाळी, दिवसा पडदे ओढलेले.
भाडं पाच तारखेला. चारला नाही, सहाला नाही.
भोपीकडे विमानतळावरची चार पोरं आहेत,
साडेतेरा द्यायला तयार.
ताई, दोन हजार वर, विचार कसला करताय?

विचार असा:
दोन हजार गुणिले अकरा, बावीस.
त्यातून भोपीचे साडेतेरा, रंगाचे अठरा,
कुलपाच्या महिन्याचे साडेअकरा.
एकवीस हजारांनी खड्ड्यात.
ठरलं. बाई राहतील, आहे त्याच भाड्यात.
केवढं बरं वाटलं.
उद्या सोसायटीत कुणी म्हणेल,
एकट्या बाईला सांभाळून घेतलंत हो.
मी मान हलवीन.

पण हात थांबेना.
पोरं साडेसोळा म्हणाली असती तर?
पाच हजार गुणिले अकरा, पंचावन्न.
खर्च शेहेचाळीस.
नऊ हजार फायद्यात.
नऊ हजारांसाठी मी कोण झाले असते,
ते लिहायला बिलावर जागा होती,
लिहिलं नाही.
डाळ खाली लागली होती.

फोन केला. बाई झोपेतून उठलेल्या.
राहा म्हटलं, भाडं तेच.
बरं मॅडम, त्या म्हणाल्या,
मग जरा थांबून,
गिझरची कॉइल बदलली, सहाशे चाळीस झाले,
पावती आहे, भाड्यातून कापू ना?
कापा, म्हटलं.

फोन ठेवल्यावर करार उलगडला.
पंखे तीन. ट्यूबलाइट चार. किचनमधला एक्झॉस्ट.
पडद्यांचे रॉड. चाव्या दोन.
गिझर नाही.
गिझर तिनेच आणलेला, टेम्पोतून,
जिन्यात मी स्वतः बाजूला सरून वाट दिली होती.

एकवीस हजारांतून
सहाशे चाळीस वजा केले.