अकरावं भोक

मागच्या फेब्रुवारीत बर्फावर मोडलेलं हिल्काचं मनगट
अजून साध्या ड्रिलला बिचकतं.
गाठीत अडकलं की ते लाकूड सोडून
माणसालाच फिरवतं.

हा इम्पॅक्ट ड्रायव्हर तसा नाही.
अडला की ठोके घालतो,
तडतडतडतड,
तळ्यापल्याड वेइयोचं कुत्रं उठून भुंकतं,
आणि पांढुरका ओलसर भुसा
तिच्या बुटांवर.

सॉनातल्या बाकाच्या नऊ फळ्या, फळीला तीन भोकं.
मापं ताउनोच्या अक्षरात, पेन्सिलीनं,
साताच्या कमरेला आडवी रेघ.
स्वतः कधी पाळली नसती त्यानं.

पलीकडून टोक डोकावलं की थांबायचं.
फळी उलटवायची, त्या बाजूनं पुरं करायचं.
नाहीतर बाहेर पडताना लाकूड फाटतं.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
दोन फळ्या वाया गेल्यावर कळलं.

अकराव्या भोकाला बॅटरी गारठली.
कायनूतला ऑक्टोबर.
दुसरी तिच्या काखेत, कोटाच्या आत,
कोंबडीखालच्या अंड्यासारखी.
ती चढवण्याआधी हिल्का अर्ध्या भोकाला डोळा लावते :
सुईएवढा उजेड,
त्यात तळं आहे की आभाळ, कळत नाही.

पुन्हा तडतडतडतड.
कुत्रं आता भुंकत नाही.
सवय झाली असावी.