जळक्या वार्निशचा वास

वडनेरच्या जिनिंगमागे, टिनाच्या खोलीत
भाच्यानं सहा मशीन मांडल्यात.
कोणी विचारलं तर सांगतो, खाणकाम.
आमच्याकडे खाण म्हणजे वणी, चंद्रपूर, नखांत कोळसा.
याची नखं साफ आहेत,
फक्त त्या घरघरीनं हल्ली ऐकू कमी येतं.

मी मोटारवाला.
पाणबुडी पंप, पिठाची गिरणी, कूलरचा पंखा,
तांब्याची तार गुंडाळण्यात चोवीस वर्षं गेली.
मशीन रोज अडीचला पडतात, म्हणून बोलावलं.
"मामा, बोर्डच गेला असन. हैदराबादवाला म्हणते नवा घ्या."
"त्यानं हात लावून पाह्यला का?"
"नाई. फोनवरच सांगतलं."

आधी नाक.
जळकं वार्निश एकदा हुंगलेल्या माणसाला
मीटर काढायच्या आधीच कळतं.
वास नव्हता.
मग हात, तोही उलटा, बोटांची मागची बाजू,
म्हणजे झटका बसला तरी हात सुटतो, धरून राहत नाही.
मग बाहेर, मीटरपेटीशी: न्यूट्रल सैल, हिरवा पडलेला.
मार्चअखेर. अडीचला अख्खं गाव कूलर लावतं
आणि याच्या खोलीत व्होल्टेज एकशे सत्तर.
शेवटी पंख्याची जाळी उघडली. आत कापूस,
जिनिंगचा उडता कापूस,
एक उशी भरली असती.

मी ब्रश घेऊन उकिडवा बसलो होतो
आणि प्रज्योत कोपऱ्यात फोनवर टाइप करत होता.
"कोण हाय?"
"कंपनीचा माणूस. खातं अडकलं म्हणते, खोलून देतो म्हणते.
ते बारा शब्द मांगते, पाकिटाचे."
"किती देल्ले?"
"लिहिले अकरा. पाठवले नाई अजून.
बाराव्याचं अक्षर लागून नाई राह्यलं, वही भिजली होती ना."

ब्रश खाली ठेवला.
"त्याले विचार, मशीन कोणतं हाय आमचं.
विचार, आवाज कसा येते. किती वाजता पडते."
त्यानं विचारलं.
तिकडून उत्तर आलं: सर, लवकर करा,
दहा मिनिटांत खातं बंद होईल.
सोबत हात जोडलेलं एक चित्र.

लेका, चोवीस वर्षांत
मी कोणाच्या घरी जाऊन
पंप काय करतो हे न विचारता
कपाटाची किल्ली मागितली का?

त्यानं अकरा शब्द एकेक करून खोडले.
मग पाच मिनिटं नुसता बसून राहिला, घाम पुसत.
"तुमाले कसं समजलं मामा? तुमाले तं यातलं काई येत नाई."
मी म्हटलं, वास.

हिंगणघाटचं मंगल कार्यालय नाही सांगितलं.
पांढऱ्या बुटांतला माणूस, पडद्यावर चढत जाणारी रेघ,
चाळीस दिवसांत दुप्पट, वर एक गुलाबजाम.
शेजारच्या खुर्चीवर आमच्या शाळेचे टेंभेकर मास्तर,
ते भरतात म्हणून मी भरले.
अठरा हजार.
एकेचाळिसाव्या दिवशी तो नंबर अस्तित्वात नव्हता.
मास्तर अजून बाजारात भेटले
की आम्ही दोघंही भाजीकडे पाहतो.
बायकोला सांगितलंय, तार महागली होती.

न्यूट्रल घासून कसला. जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणला,
दर रविवारी झटकायचा, पाण्यानं नाही.
अडीच वाजले. पावणेतीन.
सहाही चालू.
"दिवसाचं काय सुटते यात?" मी विचारलं.
त्यानं हिशेब दाखवला. बिल वजा जाता एकशे बारा रुपये,
तेही भाव पडला नाही तर.
एका पंख्याच्या वाइंडिंगला मी तीनशे घेतो.
बोललो नाही. बावीस वर्षांचं पोर आहे.

निघताना त्यानं पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत.
"ती वही दे इकडं."
"काहून?"
"नको देऊ. मी मांगतली तरी नको देऊ."

तो हसला, वही छातीशी धरून.
मी सायकलला किक मारावी तसा उगाच पाय झाडला
आणि हातभर कापूस खिशात घालून आलो.
घरी देवाजवळ वाती संपल्या होत्या.