एक मीटर चाळीस

माझी भट्टी तळमजल्यावर,
त्यामुळे वरच्यांचं भांडण मला छतातून ऐकू येतं.
अकरा वर्षं आलं नव्हतं.
नुसती पावलं: डावीकडे गीझो, मधे त्सियाला, उजवीकडे नोदार,
आपापल्या हद्दीपर्यंत येणारी आणि वळणारी.
तिघांच्या दारांपुढून जाणारी लाकडी गॅलरी मात्र एकच,
थोडी हिरवी, मग काचेची, मग कुठलाच रंग नसलेली.

मार्चमध्ये विद्यापीठातली पोरं आली.
नुत्सा, राती, आणि एक उंच पोरगा,
त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.
म्हणाली, कुतैसीतला हा रस्ता आम्ही पुन्हा जिवंत करणार.
मी म्हटलं, मेला कधी? मला कुणी कळवलं नाही.
राती लाजला. नुत्साने वहीत काहीतरी खोडलं,
दोन गरम शोती विकत घेतल्या
आणि माझ्या उंबऱ्यावर बसून मोजलं,
चार ते पाच किती माणसं जातात.
एकोणीस.
त्यात एक जण तीनदा. तो माझा मेहुणा.

त्यांच्या कागदावर गॅलरी अखंड होती, एका रंगाची,
खाली झाडं, झाडांखाली खुर्च्या,
खुर्च्यांत सगळी बारीक माणसं.
त्सियालाने चष्मा लावला.
"माझं स्वयंपाकघर कुठे गेलं?"
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
तिने गॅलरीचा मधला तुकडा काचेने बंद केला होता,
उजेड तेवढाच फुकट होता तेव्हा.
"ही काच बसची, ही शाळेची,
ही दवाखान्यातली, तिथे माझा नवरा गेला.
काढा म्हणता?"
नुत्सा दोन दिवस नुसत्या काचाच काढत बसली,
एकेक, तिच्या तिच्या मापाची.

मग लांबी मोजायची निघाली.
गॅलरीत दोन आडवी दारं, दोन्हींना खिळे.
"मोजा आणि परत ठोका," म्हणत
गीझोनेच पक्कड आणली.
नोदारने टेपचं टोक धरलं,
झोळ पडू नये म्हणून त्सियालाने मधे हात दिला,
गीझोने आकडा वाचला.
मी खाली रस्त्यावर, पिठाच्या हातांनी,
ती पिवळी पट्टी पाहत होतो.

चौदा मीटर वीस.

आणि घराचे कागद काढले तर
चार साठ, तीन नव्वद, चार तीस:
बारा ऐंशी.
मग एक मीटर चाळीस कुणी खाल्लं?

आता आलं छतातून ऐकू!
नोदार म्हणाला, जुन्या सरकारच्या कारकुनाने.
गीझो म्हणाला, कारकून कशाला, मधलीने.
त्सियाला म्हणाली, मोठ्याने बोल,
मला हल्ली त्या कानाने येत नाही.
अकरा वर्षांनी त्याच्याशी बोललेलं
तिचं ते पहिलं वाक्य.
माझ्या पाव्यांवर चुना पडत होता
आणि मी भट्टीचं झाकण लावायचं विसरलो.

नुत्सा मधे उभी, हातात पेन्सिल.
म्हणाली, भिंती.
चार भिंती, पस्तीस सेंटिमीटरची एकेक.
कागदात फक्त आतलं मोजतात.
सगळे गप्प.
"मग भिंत कुणाची?" नोदारने विचारलं.
ते तिला ठाऊक नव्हतं.
उद्या सरांना विचारते म्हणाली.

जूनमध्ये पोरं गेली, परीक्षा होती.
झाडं आली नाहीत. नगरपालिकेचं पत्र
पिठाच्या पोत्याखाली कुठेतरी आहे.
कठड्याचे मोडके गज तेवढे नवे बसले,
रंग तीनच राहिले,
त्यातला एक तर आधीपेक्षा वाईट.
खिळे परत ठोकायचं कुणी नाव काढलं नाही,
दारांत भोकं आहेत अजून.
मी मोजलं परवा, चार ते पाच:
सव्वीस. मेहुणा धरून.

काल पहाटे, मळणीच्या आधी,
वर कुणीतरी चाललं
या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे न थांबता.
कुणाची पावलं, ओळखू येईना.
रिओनीचा आवाज होता, कणीक थंड होती.
मी ऐकत उभा राहिलो, आणि ती वळून परत येऊ लागली.