इथून वर

नवतपाचा तिसरा दिवस.
सकाळी भिजवलेल्या कूलरच्या ताट्या
अकरालाच वाळून खडखडू लागल्या.
मेडिकलच्या या खोलीत मी नसा तपासतो.
पोटरीशी करंट द्यायचा,
घोट्यावरच्या पट्टीपर्यंत लाट किती वेळात पोचली
ते लिहायचं. पुढचा.

गिरजाबाई नान्हे, अठ्ठावन्न, राहणार भिवापूर.
सव्वीस वर्षं सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडले.
अकरा वर्षं साखर.

कागदावर एक चौकोन आहे:
दुखणं किती, शून्य ते दहा.
विचारलं.
"कोन्तं दुखणं?
ठणकते ते येगळं, सलते ते येगळं.
उसण भरते, रग लागते, चमक निंगते,
अन् हाताची भगभग तं अशी का
रातभर माठाले कवटाळून झोपो मी."
मी पेन धरून बसलो.
चौकोनात आकडाच मावतो.
"आणि आता, पायांत?"
"आता काहीच नाही ना जी.
थेच तं सांगाले आली."

सकाळी बसमधून उतरून चालत आल्या.
एक चप्पल डांबरात रुतून मागेच राहिली,
बाईंना पत्ता नाही.
टाचेवरचा फोड दाखवला तो सोबतच्या सुनेनं.

कातडीत एक दार असतं.
त्रेचाळीस अंशांच्या आसपास ते उघडतं
आणि आत वर्दी जाते: भाजतंय.
तेच दार मिरचीही उघडते.
दाराला काय, विस्तव काय आणि भिवापुरी काय.
सव्वीस वर्षं या बाईचे हात
आग लागली, आग लागली म्हणून ओरडत राहिले
आणि आग कुठेच नव्हती.
आज बाहेर सेहेचाळीस. रस्ता पेटलाय,
आणि पायात ओरडायला कोणी उरलं नाही.

वर्दी दोन वाटांनी जाते.
एक घाईची. लागलं, इथं लागलं, उचल पाय.
दुसरी मागून येते, पायी,
ऑटोला पैसे नसलेला माणूस
बर्डीहून मेडिकलपर्यंत येतो तशी,
आणि एकदा येऊन बसली की उठत नाही.
माझ्या यंत्राला जाड तारांचंच ऐकू येतं.
पायी येणारीची लाट पडद्यावर उमटत नाही.
हे मी कोणाला सांगत बसत नाही.
त्यांना का सांगितलं, माहीत नाही.

पडद्यावर सपाट रेघ होती.
गिरजाबाईंनी ती बराच वेळ पाहिली,
मग पदराची गाठ सोडली.
दहाची नोट, बसचं तिकीट, एक वाळकी मिरची.
मी काही म्हणायच्या आत
तळहातावर चुरली, थुंकी लावली,
आणि अंगठ्यापासून वर एकेक बोट टेकवत गेल्या.
पाऊल. घोटा. नडगी. नडगीच्या वर.

थांबलो.
दारावर थाप पडली, पुढचा नंबर.
सुनेनं तोंडाला पदर लावला, तिला ठसका आला होता.
तीन मिनिटं. पाच.
पंखा, ताट्या, भिंतीवरचं घड्याळ.

"अवं."
गुडघ्याच्या चार बोटं खाली त्यांचं बोट थांबलं होतं.
"इथं झोंबून राहिली."
डोळ्यांत पाणी, आणि दात दिसत होते सगळे.
"इथून वर मी हावो, साहेब.
खालचं तुमी पाहा."

मी बॉलपेननं तिथं रेघ मारली,
पायाभोवती फिरवून, पूर्ण.
फोडावर मलम लावायला पाठवलं,
सुनेला म्हटलं, रोज रात्री तळवे बघत जा, दिवा धरून.
चौकोन कोराच राहिला.

दुपारी पट्ट्या पुसल्या,
चहा मागवला, आणि सवयीनं डोळा चोळला.

आधी काहीच नाही.
मग ती आली, आपल्या चालीनं, पायी.
नळ दोन पावलांवर होता.
मी बसून राहिलो.